टिपूस कुठून येतो? जुन्या पिकअपच्या पॉवर स्टिअरिंगची गळती शोधताना आणि बंद करताना

सकाळी गाडी पुढे घेतली आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकामागे जमिनीवर तांबूस डाग दिसला, की नव्या मालकाच्या पोटात गोळा येतो. जुनी डिझेल पिकअप घेतलीत ना, मग आज ना उद्या हा डाग दिसणारच. घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही.

आधी माझी फजिती सांगतो. मी पहिली पिकअप घेतली तेव्हा खाली वाकून पाहिलं, तर स्टिअरिंग बॉक्सच्या बुडाशी, ड्रॉप आर्मवर (बॉक्सखालच्या, चाकं वळवणाऱ्या लोखंडी दांड्यावर), तेलाचा थेंब लोंबत होता. मीच निदान जाहीर केलं: सील, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी, गेलं. गॅरेजला गाडी लावली, ड्रॉप आर्म काढायला लावला, नवं सील बसवून घेतलं. भाड्याचा एक दिवस बुडाला, मजुरी गेली. तिसऱ्या दिवशी थेंब पुन्हा तिथेच लोंबत होता. खरी गळती हातभर वर होती. रिटर्न पाइपाची, म्हणजे तेल बाटलीकडे परत नेणाऱ्या पाइपाची, क्लिप सैल झाली होती. तेल पाइपावरून बॉक्सवर, बॉक्सवरून ड्रॉप आर्मवर ओघळत होतं आणि तिथून टपकत होतं. कौलारू घरात राहिलेल्यांना हे नवीन नाही. पाणी शिरतं एका फुटक्या कौलातून, वाशावरून वाहत जातं आणि भांडं ठेवावं लागतं भलत्याच कोपऱ्यात.

म्हणून पुढचं सगळं एका गोष्टीभोवती फिरतं: तेल पडतं ती जागा आणि तेल सुटतं ती जागा, या दोन वेगळ्या असतात. दुसरी सापडल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

तुमच्या गाडीत नेमकं काय आहे?

बॉनेट उघडा. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा एक छोटा पंप दिसेल. त्याच्या डोक्यावर किंवा थोड्या अंतरावर तेलाची बाटली असते. पंपातून एक जाड, दोन्ही टोकांना धातूचे तोंड दाबून बसवलेला पाइप स्टिअरिंग बॉक्सकडे जातो, तो प्रेशर पाइप. बॉक्सकडून बाटलीकडे परत येतो तो रिटर्न पाइप. हा साधा रबरी असतो आणि टोकांना क्लिपा असतात. बाटली वेगळी असेल तर तिच्यातून पंपात उतरणारा आणखी एक पाइप असतो, तो सक्शन पाइप.

स्टिअरिंग बॉक्स म्हणजे चासीच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला बोल्टने आवळलेलं बिडाचं (ओतीव लोखंडाचं) खोकं. वरून स्टिअरिंगचा दांडा त्यात शिरतो, खालून खाचांचा जाड शाफ्ट बाहेर येतो आणि त्या शाफ्टवर ड्रॉप आर्म बसतो. काही पिकअपांत बॉक्सऐवजी रॅक असतो, म्हणजे आडवी नळी आणि दोन्ही टोकांना रबरी घड्यांचे बूट. रॅकमध्ये गळती झाली तर तेल या बुटांत साठतं. बूट दाबून पाहिला आणि आत पिशवीत पाणी असल्यासारखं डुचमळलं, तर आतलं सील गेलं समजा. रॅकची आतली दुरुस्ती घरी करण्यासारखी नाही. तो काढून जाणकाराकडे द्या. या लेखातलं बाकीचं मुख्यतः बॉक्सवाल्या गाड्यांसाठी आहे.

आणि पंपच नसेल तर? मग तुमची गाडी साध्या स्टिअरिंगची. तिच्या बॉक्समध्ये दाबाचं तेल नसतं, गिअर ऑइल असतं, बहुधा ९० नंबरचं. तीही ड्रॉप आर्मच्या सीलमधून पाझरते, पण तिथे पाइप, पंप, हवा काढणं ही भानगड नाही. सील बदला, बॉक्सच्या वरच्या प्लगमधून तेल भरा, झालं.

थेंब कोणाचा आहे?

जुन्या डिझेल इंजिनाखाली पडलेलं प्रत्येक तेल स्टिअरिंगचं नसतं. पांढरा पुठ्ठा गाडीखाली सरकवून रात्रभर ठेवा आणि सकाळी नीट बघा.

बहुतेक जुन्या पिकअपांत स्टिअरिंगला एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) चालतं. ते नवं असताना लाल असतं, जुनं झालं की विटकरी, करपलं की काळपट तपकिरी. बोटांत चोळलं तर पातळ आणि गुळगुळीत लागतं. इंजिन ऑइल काळं, आणि डिझेल गाडीत तर काजळासारखं काळं. गिअर ऑइल घट्ट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, तो एकदा घेतला की विसरत नाही. कूलंट पाणचट, हिरवं किंवा गुलाबी, वासाला गोडसर. ब्रेक ऑइल पाण्याने धुतलं जातं आणि रंग उडवतं. ते दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ब्रेक बघा.

खरा गोंधळ होतो तो करपलेलं एटीएफ आणि इंजिन ऑइल यांत. अनेक भारतीय डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्या पाठीला असतो आणि त्याला इंजिन ऑइलचा पाइप येतो. तो पाइप पाझरला की तेल खाली ओघळतं आणि गुन्हेगार ठरतो स्टिअरिंगचा पंप. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, गास्केटचंही तसंच. शंका असेल तर साधी गोष्ट करा. स्टिअरिंगच्या बाटलीतली पातळी पेनाने खूण करून ठेवा आणि चार दिवस गाडी चालवा. खाली डाग पडतोय पण पातळी हललेली नाही, तर तेल दुसरीकडून येतंय.

पातळी पाहताना झाकणाला पट्टी असेल तर तिच्यावर थंड आणि गरम अशा दोन खुणा असतात. थंड इंजिनाला गरमच्या खुणेपर्यंत तेल भरलं तर तापल्यावर ते फुगून झाकणातून बाहेर येतं आणि मालक दोन आठवडे ‘लीक’ शोधत बसतो. हे मी दोघांच्या बाबतीत पाहिलंय.

गाडी चालवायची की उभी करायची?

ओलसर डाग, त्यावर धूळ चिकटलेली, पण थेंब पडत नाही: याला पाझर म्हणा. लक्ष ठेवा, सवडीने दुरुस्त करा. रात्रीतून चार-दोन थेंब, म्हणजे ठिबक. या आठवड्यात काम करा आणि तोवर रोज पातळी बघा. इंजिन चालू असताना स्टिअरिंग फिरवलं की धार किंवा फवारा उडत असेल तर गाडी जागेवरून हलवू नका.

कारणं दोन. तेल संपलं तरी स्टिअरिंग तुटत नाही, चाकांशी त्याचं यांत्रिक नातं कायम असतं. पण मदत गेल्यावर ते इतकं जड होतं की सवय नसलेला माणूस वळणात कमी पडतो. टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावहून कल्याणच्या बाजाराला निघालात आणि माळशेजच्या उतारावर ही मदत गेली, तर काय होईल याची कल्पना करा. दुसरं कारण आगीचं. प्रेशर पाइपातून उडालेलं तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडलं तर धूर निघतो, आणि कधी पेटही घेतं. शिवाय कोरडा चाललेला पंप काही मिनिटांत स्वतःला खातो, म्हणजे दोनशे रुपयांच्या पाइपापायी पंप जातो.

धुणं: सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम

वर्षानुवर्षांच्या तेल-मातीच्या थरात गळती शोधणं म्हणजे चिखलात सुई शोधणं. थर काढल्याशिवाय काहीच कळणार नाही.

इंजिन थंड असू द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जुना रंगाचा ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन बॉक्स, पाइपांचे जोड, पंप आणि बाटलीचा तळ घासा. घट्ट बसलेली माती स्क्रू ड्रायव्हरने खरवडा. मग साबणाच्या पाण्याने डिझेल उतरवा, कारण डिझेलचा पापुद्रा राहिला तर तोही ओला दिसतो आणि फसवतो. बेल्टवर डिझेल उडू देऊ नका, अल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधा. पेट्रोल वापरू नका. ब्रेक क्लीनरचा स्प्रे मिळाला तर शेवटचा हात त्याचा मारा, तो क्षणात सुकतो. वॉशिंग सेंटरवरचा जोरदार फवारा बाहेरून ठीक, पण सीलच्या तोंडावर थेट मारू नका. पाणी आणि वाळू आत ढकलली जाते.

सगळं खडखडीत सुकलं की संशयित जागांवर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड पातळ भुरभुरवा. पांढऱ्यावर तेलाची पहिली रेघ लगेच उठते आणि ती कुठून सुरू झाली हेही दिसतं. बाजारात तेलात मिसळायचा चमकणारा रंग आणि त्यासाठीची जांभळी टॉर्च मिळते. तीही छान चालते, पण पावडर घरात असतेच.

शोध: वरून खाली, तीन फेऱ्यांत

पहिली फेरी, इंजिन बंद. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी बघा. यात ठिबकणारी गळती म्हणजे दाबाविना, फक्त तेलाच्या वजनाने होणारी. बाटलीचा चिरलेला तळ, सक्शन किंवा रिटर्न पाइपाच्या क्लिपा, पंपाचं शाफ्ट सील, बॉक्सचं खालचं सील, यांपैकी कोणीतरी.

दुसरी फेरी, इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता नुसतं चालू. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. शर्टाच्या बाह्या वर करा, गळ्यातला गमछा काढून ठेवा, ओढणी असेल तर ती बांधा. समोर पंखा फिरतोय. पाच मिनिटं टॉर्चने बघत राहा, वरच्या जोडापासून सुरुवात करून खाली या. जी सगळ्यात वरची ओली जागा, तीच खरी. तिच्याखालचं सगळं ओघळ.

तिसरी फेरी, दाबावर. जोडीदाराला आत बसवा आणि सांगा: ‘स्टिअरिंग हळू डावीकडे शेवटपर्यंत ने, दोन मोज, सोड. मग उजवीकडे.’ फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग टोकाला टेकल्यावर, पंपाचा दाब साधारण ७० ते १०० बारपर्यंत चढतो. भरलेल्या पिकअपच्या मागच्या टायरात ४ बारच्या आसपास हवा असते, यावरून अंदाज घ्या. म्हणून लॉकवर पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये, पंप तापतो. आणि ही सूचना ठळक अक्षरांत समजा: चालू इंजिनावर प्रेशर पाइपाची गळती हाताने चाचपायची नाही. केसाएवढ्या भोकातून येणारी धार कातडीत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि आत तेल पसरतं. तसं झालंच तर दुखत नाही म्हणून थांबू नका, ताबडतोब दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना दाबाचं तेल शिरलंय हे स्पष्ट सांगा. गळती तपासायची तर पुठ्ठ्याचा तुकडा पाइपाजवळून फिरवा, त्यावर ठिपका उमटतो.

फक्त तिसऱ्या फेरीत ओलं झालं तर गळती दाबाच्या बाजूची: प्रेशर पाइप, त्याचे दोन जोड, किंवा बॉक्सची सीलं.

एक फसवी गळती बाहेर थेंबही टाकत नाही. सक्शन पाइप चिरला किंवा त्याची क्लिप सैल झाली तर पंप तिथून हवा ओढतो. बाटलीत फेस येतो, तेल ताकासारखं दिसतं, स्टिअरिंग फिरवताना पंप कण्हतो. लोक पंप बदलतात. आधी ती क्लिप आवळून बघा.

आता दुरुस्ती, सोप्यापासून अवघडाकडे

रिटर्न आणि सक्शन पाइप. जुन्या गाड्यांत बरेचदा इथेच उत्तर सापडतं. आधी क्लिप आवळा, पण रबरात रुतेपर्यंत नाही. पाइपाचं टोक कडक, भेगाळलेलं असेल आणि पाइपाला लांबी असेल तर धारदार ब्लेडने बोटभर टोक सरळ कापा, आतली धातूची नळी पॉलिश पेपरने स्वच्छ करा आणि नव्या क्लिपने बसवा. लांबी नसेल तर पाइप नवा घ्या. इथे एक चूक फार होते: दुकानात मापाचा रेडिएटर पाइप मिळतो म्हणून तोच लावतात. रेडिएटरच्या पाइपाचं रबर पाण्यासाठी असतं, तेलात ते फुगून मऊ पडतं. काही महिन्यांत पाइप लादीपावासारखा होतो. तेलाला टिकणारा पाइप मागा, आणि दुकानदाराला तो स्टिअरिंगला लावायचाय हे सांगा.

बंजो बोल्टचा जोड. हा पोकळ बोल्ट, ज्याच्या आतून तेल जातं. बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर असतात. जोड ओला दिसला म्हणून बोल्ट अजून करकचून आवळला तर आटे जातात. बोल्ट काढा, दोन्ही वॉशर नवे टाका, बसायच्या जागा कापडाने पुसा आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कने, म्हणजे आवळायच्या ठरवून दिलेल्या जोराने, आवळा. रात्रीच्या वेळी रस्त्यात नवे वॉशर मिळाले नाहीत तर जुने मिस्त्री तोच वॉशर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकतात. तांबं मऊ पडतं आणि पुन्हा बसतं. युक्ती खरी आहे, पण घरी पोचल्यावर नवे टाका.

बंजोऐवजी पाइपाला नट असेल तर साध्या फिक्स पान्याने तो गोल होतो. नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा फ्लेअर पाना घ्या, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

प्रेशर पाइप. रबर आणि धातूचं तोंड जिथे दाबून जोडलेलं असतं तिथून हा घाम सोडतो. इथे क्लिप, एमसील, ट्यूबचा पट्टा, काहीही चालत नाही. ७०-८० बारला हे सगळं भिरकावलं जातं. पाइप बदलणं हाच उपाय. गाडीचा मूळ पाइप मिळत नसेल तर ट्रॅक्टर-जेसीबीचे होज बनवून देणारी दुकानं आता बहुतेक तालुक्यांच्या गावी आहेत. जुना पाइप सोबत न्या, दोन्ही टोकांचे आटे आणि वाकाचा कोन तसाच मागा. दाबाचं रेटिंग त्यांच्याकडे भरपूर असतं, पण त्यांचा होज कडक असतो. मूळ पाइप पंपाचे धक्के शोषायला किंचित फुगतो, हा तेवढा फुगत नाही, त्यामुळे थोडा घूं-घूं आवाज वाढू शकतो. पाइप बसवताना तो सायलेन्सरला किंवा पंख्याला घासत नाही ना, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवल्यावर कुठे ताणला जात नाही ना, हे बघाच.

पंप. पुलीच्या मागे गोलाकार तेल उडालेलं दिसलं तर शाफ्ट सील गेलं. बाटली पंपावरच बसवलेली असेल तर मधली ओ-रिंगही संशयित. ओ-रिंग बदलणं सोपं आहे. शाफ्ट सीलसाठी पुली काढावी लागते आणि बऱ्याच पंपांवर ती दाबून बसवलेली असते. तिला स्वतःचा पुलर (ओढून काढायचं हत्यार) लागतो. दोन पहारी घालून उचकली तर पुली वाकते आणि मग बेल्ट आयुष्यभर किंचाळतो. पुली हाताने वर-खाली हलवून पाहा. शाफ्टला ढिलेपणा असेल तर आतला बुश झिजलाय, नवं सील महिनाभरही टिकणार नाही. मग पूर्ण पंपच बघा. निथळलेल्या तेलात धातूची चमचम दिसली तरी निष्कर्ष तोच.

ड्रॉप आर्मचं सील

आता ते काम, जे मी उगाच करून घेतलं होतं. पण वरची सगळी जागा कोरडी आहे आणि खालच्या शाफ्टभोवतीच ओल उठतेय, हे पावडरीने सिद्ध झालं असेल तर करायलाच हवं.

आधी एक तपासणी. जोडीदाराला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायला सांगा आणि खालून शाफ्ट बघा. तो फक्त गोल फिरायला हवा. बाजूला सरकत असेल तर आतलं बेअरिंग किंवा बुश गेलंय. त्यावर नवं सील बसवणं म्हणजे फाटक्या चपलेला नवा अंगठा लावणं. बॉक्स उतरवून पूर्ण उघडावा लागेल.

शाफ्ट घट्ट असेल तर पुढे चला. चाकं सरळ ठेवा. पुढची बाजू जॅकने उचला आणि चासीखाली लोखंडी घोड्या लावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर जॅकखाली जाड फळी घाला.

ड्रॉप आर्म आणि शाफ्ट, दोन्हींवर एकाच रेषेत पंचने खूण करा. ही खूण विसरलात तर आर्म एक खाच चुकून बसेल आणि गाडी सरळ चालताना स्टिअरिंग तिरकं राहील. मोठा नट सैल करा, पण लगेच पूर्ण काढू नका. चार आटे राहू द्या, म्हणजे आर्म सुटला की अंगावर येणार नाही. आता पुलर लावा आणि आवळा. आर्म सुटत नाही म्हणून शाफ्टच्या टोकावर घण घालणारे मी पाहिलेत. तो घाव थेट बॉक्सच्या आतल्या दात्यांवर आणि गोळ्यांवर जातो. पुलर ताणून ठेवा, आर्मच्या डोळ्याच्या बाजूला हातोडीने एक टोला द्या, थोडा वेळ थांबा, पुन्हा ताणा. टण्कन आवाज होऊन सुटतो.

खाली भांडं ठेवा. सीलच्या बाहेर सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) असेल तर ती पक्कडीने काढा, आणि वॉशर, सील ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने कागदावर मांडा. मोबाइलने फोटो काढा. सीलचं तोंड कोणत्या बाजूला होतं हे संध्याकाळी आठवत नाही. सील हुकाने काढताना शाफ्टवर ओरखडा उठू देऊ नका. सील निघाल्यावर शाफ्टवर नख फिरवा. नख अडकेल इतका चर पडला असेल तर नवं सीलही तिथूनच गळेल. हलका गंज बारीक पॉलिश पेपरने, शाफ्टच्या गोलाईत फिरवून, साफ होतो. शेतात-ओढ्यात उतरणाऱ्या गाड्यांना हा गंज हमखास असतो, आणि सील मरतं ते वयाइतकंच या गंजाने.

नवं सील घेताना गाडीच्या नावाने मागू नका, बॉक्सवरच्या पट्टीवरचा नंबर सांगा. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे बॉक्स लागलेले असू शकतात. शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक आपल्याला संभाजी महाराजांच्या समाधीमुळे माहीत असतं. तिथेच झेडएफ स्टिअरिंग गिअर या कंपनीचा स्टिअरिंग बॉक्सचा कारखानाही आहे. सांगायचा मुद्दा असा की बॉक्स बनवणारा वेगळा आणि गाडी बनवणारा वेगळा असू शकतो, आणि सील कळतं ते बॉक्सच्या नंबरवरून.

शाफ्टच्या खाचांवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर त्या धारा सीलची लिप, म्हणजे आतली पातळ कडा, कापतात. सीलला आतून तेच स्टिअरिंगचं तेल लावा, मापाच्या सॉकेटने किंवा पाइपाच्या तुकड्याने चहूबाजूंनी सारखं ठोकत सरळ बसवा. तिरकं गेलं तर काढून नवं घ्या, तेच पुन्हा वापरू नका. खुणेला खूण जुळवून आर्म बसवा आणि नट मॅन्युअलच्या टॉर्कने आवळा. हा टॉर्क मोठा असतो, अंदाजाने भागत नाही. टॉर्क रेंच नसेल तर तेवढ्यासाठी गॅरेजला जा. हा नट सुटणं म्हणजे स्टिअरिंगच सुटणं.

बॉक्सच्या वरच्या झाकणावर मधोमध एक स्क्रू आणि चेक नट दिसेल. स्टिअरिंगचा ढिलेपणा किंवा गळती जाईल म्हणून तो आवळायचा मोह होतो. आवळू नका. जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. दांडा जिथे बॉक्समध्ये शिरतो त्या वरच्या सीलचं कामही नवख्याने करू नये. तिथे आतल्या बेअरिंगचा ताण जुळवावा लागतो.

‘लीक बंद’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांबद्दल विचारतातच. त्या सीलचं रबर फुगवतात. कडक झालेलं सील काही दिवस ओल धरतं, फाटलेलं सील किंवा पाइप काही केल्या नाही. गाडी विकायला काढलेल्यांना त्या फार आवडतात, हे जुनी गाडी घेताना लक्षात असू द्या.

तेल भरणं आणि हवा काढणं

कोणतं तेल, हे बाटलीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. तेच घाला. बहुतेकदा डेक्सरॉन दोन किंवा तीन जातीचं एटीएफ असतं, काही गाड्यांना वेगळं लागतं. ब्रेक ऑइल चुकूनही नाही. सगळी सीलं फुगून बरबाद होतात आणि पंपापासून बॉक्सपर्यंत सगळं उघडावं लागतं.

पुढची चाकं अधांतरीच ठेवा. बाटली भरा. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश १५-२० वेळा फिरवा. प्रत्येक दोन-तीन फेऱ्यांनी पातळी बघा, बुडबुडे येतील आणि तेल उतरेल, तसं भरत राहा. बाटली रिकामी होऊ दिली तर पुन्हा पहिल्यापासून. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करा, आयडलवर पुन्हा सावकाश फिरवा, टोकाला धरून ठेवू नका. तेल फेसाळ दिसलं तर इंजिन बंद करा, अर्धा तास बसू द्या, चहा घ्या, पुन्हा करा. घाईत रेस दिली तर फेस अजून बारीक होतो आणि निघायला दिवस जातो.

निथळलेलं तेल गटारात किंवा बांधावर ओतू नका. जुन्या इंजिन ऑइलच्या डब्यात भरून गॅरेजला द्या, तिथून ते गोळा करणारे नेतात.

चाकं खाली उतरवा, जोड पुन्हा पुसून कोरडे करा, ताजी पावडर मारा. रिकाम्या गाडीने गावातल्या गावात पाच-सहा किलोमीटर फिरा, दोन-चार कडक वळणं घ्या. परत आल्यावर टॉर्चने बघा, आणि गाडीखाली नवा पांढरा पुठ्ठा सरकवा. तीन सकाळी तो कोरडा निघाला तर माल भरा. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर क्लिपा एकदा पाना लावून बघा, नवं रबर दबतं आणि क्लिप किंचित सैल पडते. माझी ती पहिली क्लिप अशीच सैल पडली होती.